रतनीफुईची गव्हाण

रतनीफुईला मातीत ठेवले त्या दिवशी चर्चच्या मंडळीतल्या बायका एकेक करून उठल्या आणि फुई किती शांत होती, किती सोशिक होती, ते सांगू लागल्या. मी मागे बसले होते. मला वाटले, आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या मातीला आलो.

फुई शांत नव्हती. ती घरात बसून बैलाला ओरडली की शेजारी माझे बैल पाणी प्यायचे थांबत. सोशिक तर ती कधीच नव्हती. कोंबडीने दोनदा अंडे बाहेर घातले तर ती कोंबडीशी दिवसभर अबोला धरी. म्हणून मी लिहायला बसले. माझे शिक्षण चौथीपर्यंत. फुई शाळेत गेलीच नाही, त्यामुळे ती मला आयुष्यभर ‘मास्तरीण’ म्हणाली, आणि ते कौतुकाने नव्हते.

आमचे गाव विसरवाडीहून आत, डोंगराच्या कडेला. आम्ही घरी मावची बोलतो. ती इथे लिहिली तर वाचणाऱ्याला अर्धे कळणार नाही, म्हणून सगळ्यांचे बोलणे शाळेतल्या मराठीत लिहिते. फुई हे ऐकून म्हणाली असती, मग मला मेल्यावर तरी शाळेत घातलेस.

ती लग्न होऊन गेली, दोन पावसाळ्यांत विधवा होऊन भावाच्या घरी परत आली आणि मग कुठेच गेली नाही. भाऊ-भावजय गेल्यावर त्यांच्या मुलाला, दानियलला, तिनेच वाढवले. दानियलची ती फुई, म्हणजे आत्या, म्हणून ती गावाची फुई झाली. माझ्यापेक्षा ती थोडीच मोठी, पण मीही फुईच म्हणायची.

तिचे घर जुने होते. आमच्याकडे पूर्वी सगळ्यांचीच घरे तशी असत. कौलांचे एक मोठे छप्पर, सागाचे खांब, कुडाच्या भिंती शेणामातीने लिंपलेल्या. दारातून आत गेले की एका अंगाला गुरे, दुसऱ्या अंगाला चूल आणि माणसे. मधे कमरेएवढा कूड. माणूस जेवत असले की पलीकडून गाय बघत असे. छप्पर एकच. जन्म, मरण, भांडण, प्रार्थना, सगळे गुरांच्या समोर. कुडाला लागून मोहाच्या खोडाची कोरलेली गव्हाण होती. ती फुईच्या आजोबांनी कोरलेली होती आणि गाईंनी चाटून चाटून आतून आरशासारखी गुळगुळीत केली होती.

आता पाळकसाहेबांची गोष्ट. ते नगरकडचे, आमच्याकडे नवीन आले होते. पहिल्याच नाताळला त्यांनी मोठी तयारी करून प्रवचन केले. राजांचा राजा, आणि जन्म कुठे, तर गोठ्यात, असे म्हणून त्यांचा आवाज भरून आला. ते थांबले. लोकांनी उसासा टाकावा, एखादीने पदर डोळ्यांना लावावा, एवढी जागा त्यांनी ठेवली होती. कुणी हलले नाही. ऊसतोडीहून नाताळपुरते परत आलेले लोक तसेच त्यांच्याकडे बघत बसले. पाळकसाहेबांना वाटले ऐकू गेले नाही. त्यांनी पुन्हा सांगितले, गोठ्यात, जनावरांमध्ये.

बायकांच्या सतरंजीवरून फुई म्हणाली, “मग कुठे जन्मायचं होतं?”

ती खवचटपणे बोलली नव्हती. तिला खरेच कळले नव्हते की यात रडण्यासारखे काय आहे. आम्हालाही कळले नव्हते, फक्त आम्ही गप्प होतो.

उपासना संपल्यावर फुईने पाळकसाहेबांचा हात धरला आणि त्यांना घरी नेले. मी मागोमाग गेले, कारण असले काही मी चुकवत नसे. तिने त्यांना कुडाजवळची जागा दाखवली. म्हणाली, मी इथे जन्मले, माझा भाऊ इथे, दान्या इथे. ऊब असते, अंधार असतो, पुरुष येत नाहीत. मग तिने विचारले, तुमचा जन्म कुठला? साहेब म्हणाले, दवाखान्यातला.

“लोखंडी खाटेवर?” फुईने विचारले.

“हो.”

“परक्या बायकांमध्ये?”

“हो, म्हणजे नर्स होत्या.”

फुईने मान हलवली. तिला त्यांची इतकी दया आली की तिने त्यांच्या ताटात कोंबडीची मांडी वाढली. ती मांडी माझी होती. मला वाढलेली परत उचलून तिने त्यांना दिली.

पाळकसाहेब माणूस चांगला. ते चिडले नाहीत, पण हरलेही नाहीत. त्यांनी सांगितले, फुई, धर्मशाळेत जागा मिळाली नाही म्हणून त्यांना गोठ्यात जावे लागले, मुद्दा तो आहे. त्यावर फुईने वर्षभर विचार केला असावा, कारण पुढच्या नाताळच्या आधी तिने उत्तर तयार ठेवले होते. धर्मशाळा वाटसरू पुरुषांनी भरलेली. कुणी पिऊन आलेला, कुणी घोरणारा. धर्मशाळेवाल्याची बायको शहाणी होती. तिने मरियेचे पोट पाहिले आणि म्हणाली, इथे नाही बाई, मागे चल. म्हणजे हाकलले नाही. चांगली जागा दिली.

साहेब म्हणाले, शास्त्रात धर्मशाळेवाल्याची बायको नाही.

“शास्त्र पुरुषांनी लिहिलं,” फुई म्हणाली. “ते त्या वेळी बाहेर बसले असतील.”

साहेब हसत सुटले. मग तेही तिची चेष्टा करू लागले. एकदा म्हणाले, फुई, तुमच्या गाईला बाप्तिस्मा देऊ का? ती विचारात पडली आणि म्हणाली, नको, तिने पाप काय केलंय.

नाताळ जवळ आला की ती मला संध्याकाळी बोलावून जन्माचा अध्याय वाचायला लावी. मी वाचायला लागले की दर ओळीला अडवायची. बेथलेहेम तिच्या मते सुरतेच्या पुढे होते. पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक धुळ्याहून हायवेने विसरवाडीवरूनच गेले असणार, दुसरा रस्ता कुठे आहे, असे ती म्हणे. मी एकदा कंटाळून सांगितले, फुई, यात गाय कुठेच लिहिलेली नाही. बैल नाही, गाढव नाही. नुसती गव्हाण आहे.

ती घाबरली असे क्षणभर वाटले. तिने मला ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग तिचा चेहरा निवळला.

“गव्हाण आहे ना? मग गाय असणारच. चूल लिहिली की धूर वेगळा लिहितात का?”

तिची एक रीत होती, ती आमच्या गावात दुसऱ्या कुणाची नव्हती. नाताळच्या आदल्या संध्याकाळी ती गव्हाण झाडून, धुऊन, पुसून काढी आणि तिच्यात नवा भाताचा पेंढा पसरी. गाईला त्या दिवशी खाली जमिनीवर चारा. गाय रागाने बघायची. गव्हाण सकाळपर्यंत तशीच ठेवायची. का, तर त्याला टेकायला जागा हवी. जगभर फिरतो, दमत असेल. सकाळी उठून ती पेंढा हाताने चाचपून बघे, मग गाईला मोकळा करून देई. मी चर्चला जाताना तिला हाक मारायला जायची आणि दरवर्षी तेच विचारायची.

“काय फुई, आला का?”

“येऊन गेला.”

“कशावरून?”

“पेंढा दबलाय.”

“मांजर झोपली असेल.”

“तू बघितलीस मांजर?”

मी मांजर बघितलेली नसे. वाद तिथे संपे.

नाताळच्या नाटकातली बाहुली हेही तिचे एक भांडण. मुले नाटक बसवत, फुईची गाय त्यात असेच, आणि बाळ येशू म्हणून प्लास्टिकची बाहुली असे, गोरीपान, निळ्या डोळ्यांची. फुईला ते डोळे आवडत नसत. मांजरीचे आहेत म्हणे. एका वर्षी ती मला घेऊन विसरवाडीच्या बाजारात गेली आणि दुकानदाराकडे काळी बाहुली मागितली. तो खानदेशी माणूस, अहिराणी बोलणारा. म्हणाला, “माय, काळी बाहुली कोन लेस? कारखानावाला गोरीच धाडतस.” फुईने गोरीच घेतली आणि घरी येऊन तिला चुलीची काजळी तेलात कालवून फासली. बाहुली छान आमच्यासारखी झाली. पण नाटकात मरियेने तिला छातीशी धरले आणि पांढरी साडी गळ्यापासून पोटापर्यंत काळी झाली. योसेफाने मदत करायला हात लावला, तोही काळा झाला. मागून गाईने गव्हाणीतला पेंढा ओढून खायला सुरुवात केली. लोक इतके हसले की देवदूताला बोलताच येईना. फुई मात्र समाधानाने बघत होती. मला म्हणाली, आता घरच्यासारखं वाटतंय.

हे सगळे हसण्यावारी चालले होते तोवर ठीक होते. मग दानियलला घरकुल मंजूर झाले.

दानियल चांगला मुलगा आहे. नवापूरला नोकरी करतो. त्याची बायको मार्था अंगणवाडीत सेविका आहे. ती नंदुरबार शहरात वाढलेली. तिला गुरांच्या श्वासात जेवायची सवय नव्हती, आणि तिचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. जुन्या घराशेजारी स्लॅबचे घर उभे राहिले. फरशी, नळ, हॉलमध्ये टीव्ही. ठरले असे की गुरांना मागे पत्र्याची वेगळी शेड बांधायची आणि जुने घर पाडून अंगण मोठे करायचे. फुईला नव्या घरात स्वतःची खोली, पंखा, खाट.

फुईने खाट बघितली. लोखंडी होती.

त्या पावसाळ्यात ती जेवढी भांडली तेवढी कधी भांडली नव्हती. लोकांना वाटले तिला जुन्या घराची माया आहे. मला माहीत होते, घराची नव्हती. गळक्या कौलांना ती स्वतःच शिव्या घाली. तिचे म्हणणे एकच होते: गाय छपराखालून बाहेर गेली की गव्हाण बाहेर गेली, आणि गव्हाण बाहेर गेली की नाताळला तो येणार कुठे? या घरी इतकी वर्षे येतो आहे. आला आणि जागा नसली तर?

“फुई, हॉल आहे ना,” दानियल म्हणाला.

“हॉलमध्ये टीव्ही आहे.”

“टीव्ही बंद करू.”

“तो पाहुणा नाही, दान्या. पाहुण्याला हॉलमध्ये बसवतात.”

दानियलने पाळकसाहेबांना मधे घातले. साहेबांनी तिला समजावले की प्रभू हृदयात जन्मतो, गव्हाण हे निमित्त आहे. फुईने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, माझ्या हृदयात जागा कमी आहे, तुम्हालाच माहीत आहे मी कशी आहे. म्हणून बाहेर एक ठेवते. हे साहेबांना मान्यच करावे लागले, कारण तिच्या हृदयाबद्दल त्यांचेही मत तेच होते.

शेवटी दानियलने शब्द दिला की नाताळ होईपर्यंत जुन्या घराला हात लावणार नाही. नाताळ झाला की पाडणार. तोवर फुईने आपले सामान हलवले नाही. ती तिथेच राहिली, एकटी, गुरांबरोबर.

मार्थाचे दिवस भरत आले होते. नाताळच्या थोडे आधी नवापूरच्या दवाखान्यात तिला मुलगी झाली. अगदी लहान, उंदराच्या पिलाएवढी. दुपारी त्यांना घरी आणले ते नव्या घरात. डिसेंबरचा गारठा आमच्याकडे हाडात शिरतो, आणि नव्या सिमेंटमधली ओल अजून सुकलेली नव्हती. भिंतीला हात लावला तर विहिरीच्या कडेला लावल्यासारखे वाटे. मार्थाला काय करायचे ते माहीत होते. नर्सने सांगितले तसे तिने लेकराला उघड्या छातीशी धरले, वर दोन गोधड्या घेतल्या. तरी पोरीचे पाय गारच. रडता रडता तिचा आवाज बसला. दूध ओढेना.

फुईने एव्हाना मार्थाला जुन्या घरात बोलवायला हवे होते. मी तीच वाट बघत होते की आता ही जाऊन म्हणेल, बघा, मी सांगत नव्हते? पण ती गेली नाही. तिने जुन्या घरातली कुडाजवळची ट्रंक ओढून बाजूला केली, ती जागा सारवली, चुलीतला विस्तव सरकवून जवळ आणला आणि दारात बसून डाळ निवडू लागली. डाळीत खडा नव्हताच. मी विचारले, हे कुणासाठी? म्हणाली, सहज.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर मार्था तिथे कुडाला पाठ टेकून बसलेली. ती आपण होऊन आली होती. दानियल गोधड्या आणत होता. कुडाच्या पलीकडे गाय आडवी बसून रवंथ करत होती आणि तिची ऊब अलीकडे येत होती. पोरगी छातीशी लागून दूध पीत होती. पाय मी हात लावून बघितले, कोमट होते.

“तिकडे ओल आहे,” मार्था मला म्हणाली, जणू मी काही विचारले होते.

फुई एवढेच म्हणाली, “वहू, तिच्या डोक्याला फडकं बांध.”

त्या नाताळच्या सकाळी मी सवयीने विचारले, काय फुई, आला का? तिने गव्हाणीकडे बघितले. आदल्या संध्याकाळी घातलेला पेंढा गाईने केव्हाच खाऊन टाकला होता. फुई रात्रभर पोरीसाठी विस्तव राखत बसली होती. सकाळी पेंढा चाचपायचे तिच्या लक्षातच राहिले नव्हते.

“बघायचं राहिलं,” ती म्हणाली. जरा ओशाळली. मग म्हणाली, “वेळ कुणाला होता?”

ती एवढी वर्षे येऊन गेला म्हणत होती तेव्हा माझा कधी विश्वास बसला नाही. त्या दिवशी ती तसे म्हणाली नाही तेव्हा मला वाटले, असेलही. पण हे मी तिला सांगितले नाही. ती डोक्यावर बसली असती.

जुने घर उन्हाळ्यात पाडले. दानियल शब्दाचा पक्का, पाडतो म्हणाला होता तर पाडले. फुईने स्वतः कौले उतरवायला घेतली आणि गवंड्याला दिवसभर बोलून हैराण केले. पण पत्र्याची वेगळी शेड झाली नाही. मार्थाने नवऱ्याला सांगितले की स्वयंपाकघराच्या मागेच पडवी काढा, जुने सागाचे खांब आहेत, जुनी कौले आहेत. आणि मधली भिंत कमरेएवढी ठेवा.

“वास येईल हां, वहू,” फुई म्हणाली.

“येऊ दे.”

“माशा येतील.”

“फुई, आता तुम्ही गप्प बसता का?” मार्था म्हणाली. मला वाटते फुईला ती सून त्या दिवशी पसंत पडली.

नवापूरहून आलेला गवंडी हसून हसून थकला. लोक आले की त्यांना म्हणे, बघा, हॉल, किचन आणि गाय. घरकुलाच्या कागदांसाठी घराचा फोटो काढायला माणूस आला तेव्हा गाईने नेमके भिंतीवरून तोंड पुढे काढले. तो म्हणाला, हिला बाजूला करा. फुई म्हणाली, ती घरचीच आहे, राहू दे. मोहाची गव्हाण त्या भिंतीला लावली. लोखंडी खाट मात्र फुईने शेवटपर्यंत वापरली नाही. तिच्यावर कांदे वाळत.

त्यानंतरचा नाताळ हा माझा आणि तिचा शेवटचा. मी उपासनेनंतर तशीच लेकीकडे व्याऱ्याला जाणार होते. आठवडाभराने परत आले ती तिच्या मातीलाच. कुणी म्हणाले ताप, कुणी म्हणाले छाती. मी तिथे नव्हतेच, तर मी काय सांगू?

त्या सकाळी मी नवी साडी नेसून, हातात पिशवी घेऊन तिला हाक मारायला गेले. पुढच्या दाराला सगळ्यांच्या चपला होत्या, म्हणून मागून पडवीत शिरले. अजून ऊन आले नव्हते. मार्था चुलीपाशी होती, तिची पाठ माझ्याकडे. फुई गव्हाणीशेजारी जमिनीवर बसली होती, भिंतीला डोके टेकून. ती फार वाळली होती, ते मला तेव्हा दिसले.

गव्हाणीत नव्या पेंढ्यावर दानियलची पोरगी झोपली होती. आता ती वर्षाची झाली होती, रांगत रांगत कुठेही जायची. फुईने ठेवले की ती स्वतः चढली, कोण जाणे. नाकाला शेंबूड, चड्डी ओली, मुठीत पेंढा. गाय एका बाजूने तिच्या अंगाखालचा पेंढा हळूच ओढून खात होती आणि मधेच तिचे डोके चाटत होती.

मी नेहमीच्या आवाजात, म्हणजे मोठ्यानेच, विचारले, “काय फुई, आला का?”

तिने ओठांवर बोट ठेवले.

“आहे,” ती म्हणाली. “हळू बोल.”